रावेन्नाची वाकडी ओसरी

माझ्या कंपनीच्या ओळखपत्रावर नावाखाली 'आर्किटेक्ट' असं छापलेलं आहे. मधुसूदन करंबेळकर, आर्किटेक्ट. ते वाचून एकदा एका लग्नात सासुरवाडीकडच्या गृहस्थांनी मला त्यांच्या धायरीच्या बंगल्याचा नकाशा दाखवला आणि जिना कुठून घ्यावा असं विचारलं. मी बराच वेळ गंभीर चेहऱ्याने नकाशा बघितला आणि जिना आहे तिथेच राहू द्या म्हणालो. त्यांनी माझे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. मी सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट आहे हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट म्हणजे पडद्यावर चौकोन काढणारा, त्यांना बाणांनी जोडणारा, आणि मग बाण उलटे का आहेत हे इतरांना समजावून सांगणारा माणूस.

खऱ्या आर्किटेक्चरला जायची इच्छा होती मला. प्रवेश परीक्षेत एक खुर्ची काढायची होती. माझ्या खुर्चीचे चारही पाय एकाच बाजूला आले. त्यानंतर मी कॉम्प्युटरकडे वळलो, पुण्यात बारा-तेरा वर्षं नोकरी केली, आणि कंपनीने हूफडॉर्पच्या ऑफिसात पाठवलं तेव्हा बायकोमुलीसह नेदरलँड्सला आलो. 'दोन वर्षं बघू' म्हणून आलो होतो. मग झूटरमेरमध्ये विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगेत एक घर घेतलं. पहिल्या हिवाळ्यात मी दोनदा शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावून बघितली.

घरात आम्ही तिघं. बायको सुनीती हेगमधल्या एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते आणि घरी आल्यावर माझ्या बोलण्याचे. मुलगी गुंजन त्या वर्षी, म्हणजे २०२० साली, शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर डचमध्ये येतं. फार दया आली तर इंग्रजीत. भांडण मात्र नेहमी डचमध्ये. मी डच भाषेची सरकारी परीक्षा पास झालेला माणूस आहे, पण त्या परीक्षेत माझ्याशी कोणी भांडलं नव्हतं.

इथे शेवटच्या वर्षी प्रत्येक मुलाला एक मोठा प्रकल्प करावा लागतो. त्याला प्रोफीलवेर्कस्टुक म्हणतात, आणि आईबापांना तो शब्द नीट उच्चारता येईपर्यंत प्रकल्प संपलेला असतो. सप्टेंबरात एकदा जेवताना गुंजनने जाहीर केलं की तिचा विषय ठरला आहे. इटलीतल्या रावेन्ना गावातलं सान विताले चर्च. सहाव्या शतकातलं, बायझंटाइन काळाच्या सुरुवातीचं. त्याची बांधणी आणि त्या बांधणीचा अर्थ. सोबत एक मॉडेल.

"अरे वा!" मी म्हणालो. "आपण बघितलंय की ते."

सुनीतीने वरणाचा डाव तसाच हवेत धरला. "आम्ही बघितलंय," ती म्हणाली. "तू गाडीपाशी उभा होतास."

तेही खरंच होतं. गुंजन नऊ वर्षांची असताना आम्ही गाडीने इटलीला गेलो होतो. मी ते चर्च बाहेरून पाहिलं. आठ बाजूंची विटांची इमारत, ना रंग ना पुतळे. 'हे तर गोदाम दिसतंय' असं म्हणून, चुकीच्या जागी लावलेल्या गाडीवर दंडाची चिठ्ठी लागेल या भीतीने मी गाडीजवळ पहारा देत राहिलो. दोघी आत जाऊन आल्या. गुंजन बाहेर आली तेव्हा एक अक्षर बोलत नव्हती. मला वाटलं, भूक लागली असेल. मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

"बाबा," गुंजन आता म्हणाली, चक्क मराठीत, म्हणजे मामला गंभीर होता. "मला मदत नको. मी करणार."

या वाक्यातला 'मदत' एवढा शब्द मी ऐकला.

कोरोनामुळे तेव्हा मी घरून काम करत होतो. सगळेच करत होते. दिवसभर पडद्यावरचे चेहरे बघून डोळे शिणायचे, आणि ज्या चौकोनांवर मी आयुष्य काढलं ते कुठेही हाताला लागत नाहीत हे प्रथमच बोचायला लागलं होतं. त्यात मुलगी आर्किटेक्चरचा विषय घेते, घरात पार्सलांच्या पुठ्ठ्यांचा ढीग साठलेला, आणि बाप हाडाचा आर्किटेक्ट! मी नाश्त्याच्या वेळी तिची रोज छोटी मीटिंग घ्यायला सुरुवात केली. काल काय झालं, आज काय करणार, अडचण कुठे आहे. तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "अडचण इथे बसलीय," आणि टोस्ट घेऊन वर गेली.

तरी तिने मला चर्च समजावून सांगितलं, तेवढं श्रेय तिला द्यायला हवं. नकाशा साधा होता. एक मोठा अष्टकोन, त्याच्या पोटात दुसरा लहान पण उंच अष्टकोन. आतल्यावर घुमट. दोघांच्या मधल्या जागेतून चालता येतं, आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेसारखं, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर सज्जा. तिथे बायका उभ्या राहायच्या असं म्हणतात. पूर्वेला वेदी, म्हणजे त्यांचा गाभारा. पश्चिमेला नार्थेक्स, म्हणजे दारापुढची लांबट ओसरी.

"आठच बाजू का?" मी विचारलं.

"देवाने सात दिवसात जग केलं ना," ती इंग्रजीत म्हणाली. "आठवा दिवस म्हणजे आठवड्याच्या बाहेरचा. मेलेला येशू उठला तो दिवस. नवी सुरुवात. आणि चौकोन म्हणजे पृथ्वी, गोल म्हणजे आकाश. चौकोनातून गोलाकडे जाताना मध्ये आठ कोन लागतात."

मी हे सगळं ऐकलं आणि म्हणालो, "रिक्वायरमेंट क्लिअर आहे." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त सुनीतीच्या आईच्या चेहऱ्यावर पाहिली होती.

नोव्हेंबरअखेर भिंती उभ्या राहिल्या. टीपॉय पूर्ण व्यापलेला, पुठ्ठ्याच्या कमानी, कागद गुंडाळून केलेले खांब. सुबक काम होतं. पण एक दिवस ती शाळेत गेलेली असताना मी नकाशा जवळून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की पोरीची पट्टी सरकली आहे. ओसरी चर्चला सरळ जोडलेली नव्हती. तिरकी होती. दारातून आत गेलेल्या माणसाला वेदी समोर न दिसता बाजूला कुठेतरी दिसली असती. इतकी ढोबळ चूक! मला तिचं मन दुखवायचं नव्हतं. म्हणून काही न बोलता मी कटर घेतला, ओसरी कापून काढली आणि काटकोनात, अगदी देखणी, चिकटवून टाकली. मग लांबून पाहिलं. सगळं कसं शिस्तीत दिसत होतं. त्या रात्री मला छान झोप लागली.

मग घुमट. घुमट हा माझ्या मते लहान मुलांचा खेळ नव्हता. तो भक्कम हवा. गुंजनने पेपर-माशे म्हटलं होतं, पण चौदाशे-पंधराशे वर्षं टिकलेल्या इमारतीला कागदाचा लगदा? डिसेंबरात सरकारने दुकानं बंद करायची घोषणा केली त्या दिवशी मी धावत जाऊन प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी आणली. सुनीतीचं पुरणाचं पातेलं पालथं घातलं, त्यावर प्लास्टर थापलं. ते वाळल्यावर घुमट सुटेना. पातेल्याला आत घेऊनच तो घट्ट झाला होता. मी विचार केला, हरकत नाही, पातेल्याने उलट मजबुती येईल.

तो पातेलंगर्भ घुमट मी दुपारी भिंतींवर चढवला आणि कामाच्या मीटिंगला बसलो. मीटिंगमध्ये दहा-बारा लोक होते, आणि मी त्यांना सांगत होतो की आपली नवी रचना कितीही भार आला तरी पेलू शकेल. माझ्या पाठीमागे टीपॉय कॅमेऱ्यात दिसत होता. माझं बोलणं रंगात आलेलं असताना समोरचे चेहरे एकेक करून माझ्याकडे बघायचे थांबले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले.

"मधू," आमच्या टीममधला एक डच माणूस हळूच म्हणाला, "तुझ्या मागे काहीतरी बसतंय."

चर्च धाडकन पडलं नाही. ते सावकाश, जणू पाय दुखल्यासारखं, खाली बसलं. खांब वाकले, कमानी मिटल्या, आणि सगळ्यात शेवटी पातेलं ठण्ण करून फरशीवर उतरलं व गोल गोल फिरत राहिलं. कोणीतरी आपला माइक बंद केला. हसू ऐकू येऊ नये म्हणून केला हे मला कळलं.

गुंजन शाळेतून आली तेव्हा मी ढिगाजवळ ग्लू गन घेऊन बसलेलो होतो. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सॅक खाली ठेवली, गुडघे टेकून बसली आणि ढिगातून एक तुकडा उचलला. ती ओसरी होती. तेवढीच धड राहिली होती.

"ही सरळ कोणी केली?"

"मी," मी म्हणालो. "अगं, पट्टी सरकली होती तुझी. तिरकी झाली होती."

"तिरकीच आहे ती, बाबा. रावेन्नात. खरी. तिरकीच आहे."

"का?"

"नक्की कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं तिथे आधी रस्ता होता. कोणी म्हणतं मुद्दाम केली. त्याच्यावर माझं एक पूर्ण प्रकरण आहे." मग ती थांबली आणि डचमध्ये, पण माझ्यासाठी हळू बोलत म्हणाली, "तू मला विचारलं का नाहीस?"

मी ग्लू गनचा प्लग काढला.

सुनीतीने निकाल दिला. मॉडेलपासून मी दोन हात लांब राहायचं. दीड मीटर अंतराची सवय देशाला लागलेलीच होती, त्यामुळे मला नियम समजायला वेळ लागला नाही. पातेलं तिने स्वतः हातोडीने सोडवलं. त्याला पोचे पडले. त्यात केलेलं पुरण अजून एका बाजूने लागतं.

नवं वर्ष लागलं. सादरीकरण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात होतं. गुंजनने भिंती पुन्हा उभ्या केल्या. मी जिन्यावरून बघत असे. आणि सादरीकरणाच्या आधीच्या आठवड्यात मला खोकला सुरू झाला. चाचणी पॉझिटिव्ह आली. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, फोनवरच पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. सुनीतीने माझी उशी, पांघरूण आणि लॅपटॉप माळ्यावरच्या खोलीत नेऊन ठेवला. नियमाप्रमाणे त्या दोघींनाही घराबाहेर पडता येईना. गुंजनची शाळा घरातूनच, आणि सादरीकरणही घरातूनच, व्हिडिओवर होईल असं शाळेने कळवलं.

म्हणजे माझ्यामुळे तिचं चर्च एकदा पडलं होतं, आणि आता माझ्यामुळे ती कोंडली गेली होती.

माळ्यावर पडून मी खालचे आवाज ऐकत राहायचो. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. घरातल्या घरात. पडद्यावर गुंजनचा चेहरा, आणि तिच्या हातात कच्च्या पास्त्याची नळी.

"बाबा, घुमट कशाचा होता माहितीये? खरा?"

"दगडाचा," मी खोकत म्हणालो.

"भाजलेल्या मातीच्या नळ्यांचा. पोकळ. एकीचं तोंड दुसरीत घालायचं, आणि गोल गोल वर जायचं. म्हणून तो इतका हलका आहे. भिंतींना त्याचं ओझंच होत नाही."

दुकानं बंद होती, पण आमच्या घरात पेने नावाच्या नळीदार पास्त्याचा तुटवडा नव्हता. आदल्या मार्चमध्ये सगळा देश साठेबाजीला निघाला होता, इथे त्याला हॅमस्टरन म्हणतात, तेव्हा मीही जबाबदार कुटुंबप्रमुखाला शोभेल असा साठा केला होता. आम्हा तिघांनाही पास्ता फारसा आवडत नाही. सुनीती त्या कपाटाला माझं स्मारक म्हणायची. आता त्या नळ्या एकीला एक चिकटत, वळणं घेत वर चढायला लागल्या. मी वरून पडद्यावर बघायचो आणि सूचना द्यायला तोंड उघडायचो. तेवढ्यात खोकला यायचा. निसर्गाची योजना चांगली होती.

मग गुंजनने मला काम दिलं. माझ्या दाराबाहेर एक मोठी पिशवी येऊन पडली. डिसेंबरात सिंटरक्लासच्या सणाला इथे मुलांना सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी देतात, ती सणानंतर उरलेली. कागद न फाडता सोडवायचे, चमच्याच्या पाठीने गुळगुळीत करायचे, आणि त्याचे बारीक चौकोन कापायचे. तिला आतल्या भिंतींवर सोनेरी मोझेइक करायचं होतं. चौकोन! वीस वर्षांचा अनुभव अखेर कामी आला. कापलेले तुकडे पिशवीत भरून मी पायरीवर ठेवायचो, आणि सुनीती ते तीन दिवस गॅलरीत विलगीकरणात ठेवायची. चॉकलेटचं काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी ते खाल्लं. वास आणि चव दोन्ही गेलेले. मेणबत्ती खाल्ल्यासारखं लागत होतं, तरी मी खात राहिलो. आजारपणात माझं वजन वाढलं, आणि हे हाउसआर्ट्सला फोनवर सांगताना मला फार अवघड गेलं.

"सपाट चिकटव, म्हणजे सफाई येईल," मी एकदा न राहवून म्हणालो.

"सपाट नाही लावायचे," ती म्हणाली. "त्यांनी प्रत्येक तुकडा जरा जरा वाकडा लावलाय. म्हणून दिवा हलला, की सोनं हलतं. सपाट लावलं असतं तर नुसता पिवळा रंग दिसला असता."

मी फोन छातीवर ठेवला. पुठ्ठ्याच्या, पास्त्याच्या, वाकडेपणाच्या प्रत्येक बाबतीत ही मुलगी बरोबर होती, आणि मी तिला खुर्ची काढायला शिकवायला निघालो होतो.

एके दुपारी मला धाप लागायला लागली. बोटाला लावायच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा खाली आला. सुनीतीने फोन केले, डॉक्टरांनी थांबून बघू म्हटलं, आणखी खाली गेला तर लगेच कळवा. मी पालथा पडून राहिलो. घाबरलो होतो. विनोद सुचत नव्हता, त्यावरून काय ते समजा. तेवढ्यात दाराबाहेर पायरीवर कोणीतरी बसल्याचा आवाज आला.

"बाबा, मी बाहेरच आहे. मास्क घातलाय." गुंजनचा आवाज. "मी माझं भाषण वाचते. तू ऐक. मला सराव होईल."

ती दाराआडून डचमध्ये वाचत राहिली. अधूनमधून एखादं वाक्य मला धरता येत होतं. ओसरीबद्दल होतं. ज्यांना अजून दीक्षा मिळाली नाही, ज्यांची अजून तयारी चालली आहे, अशा लोकांनी प्रार्थनेचा मुख्य भाग सुरू झाला की आतून निघून ओसरीत यायचं. आतलं गाणं ऐकू यायचं, पण दार बंद.

"कळलं?" तिने विचारलं.

"अर्धं," मी म्हणालो.

मग ती मराठीत सांगायला लागली. तिचं मराठी आठ वर्षांच्या मुलीचं आहे, तेव्हापासून ते वाढलेलंच नाही. "तर तिथे लोक असतात ना, बाहेरच्या... बाहेरच्या रूममध्ये. ते आत येऊ शकत नाही. पण ते वाईट नाही. ते फक्त अजून शिकतात. मग ते दार उघडतं, आणि वर एक मोठी... उलटी वाटी आहे."

"घुमट," मी म्हणालो.

"घुमट," ती म्हणाली. "आणि घुमटाच्या खाली ते वाकडे... इंद्रधनुष्यासारखे..."

"कमानी."

"कमानी. आणि समोर खूप सोनं, आणि एक बिशप आहे, त्याच्या हातात छोटं चर्च आहे. त्याने हे बांधायला सुरू केलं. पण तो आधीच मेला. पूर्ण व्हायच्या आधी. तरी तो चित्रात देवाला ते चर्च देतो."

मी कूस बदलून दाराकडे तोंड केलं. "गुंजन," मी म्हणालो, "या ओसरीतल्या लोकांमध्ये एक माणूस गाडीपाशी उभा असेल."

ती हसली. मग अवघडून म्हणाली, "आता झोप ना." पण उठली नाही. संध्याकाळी आकडा पुन्हा वर आला. ती तोवर तिथेच पायरीवर बसून सोनेरी तुकडे चिकटवत होती, हे सुनीतीने मला नंतर सांगितलं.

सादरीकरणाच्या दिवशी मी बराच बरा होतो. गुंजनने मला लिंक पाठवली. अट एकच, कॅमेरा बंद, माइक बंद, तोंड बंद. मी अंघोळ करून, केस विंचरून, कॅमेरा बंद ठेवून बसलो.

तिच्या बाई, मेफ्राऊ हुक्स्त्रा, आणि आणखी एक शिक्षक पडद्यावर होते. गुंजनने मॉडेल दाखवलं. आधी बाहेरून, नुसतं तपकिरी. "मुद्दाम साधं आहे," ती म्हणाली, "माणसाच्या शरीरासारखं." मग एक भिंत तिने दारासारखी उघडली आणि आत टॉर्च फिरवला. सोनं हललं. मी कापलेले चौकोन! मी माळ्यावर एकटाच टाळ्या वाजवल्या.

हाच विषय का, असं बाईंनी विचारलं. गुंजन म्हणाली की ती नऊ वर्षांची असताना तिथे गेली होती. बाहेरून बघून घरातल्या एकाने त्याला गोदाम म्हटलं होतं. तिलाही तसंच वाटत होतं. मग ती आत गेली, आणि आत असं काही असू शकतं हे बाहेर कोणालाच कसं सांगायचं, ते तिला कळेना. तेव्हापासून ती शब्द शोधत होती.

मला आइस्क्रीम आठवलं. काय माणूस आहे मी!

मग दुसऱ्या शिक्षकांनी कपाळाला आठी घालून विचारलं, "पण ही पुढची ओसरी वाकडी लागलीय ना? चिकटवताना सरकली का?"

आणि मी, ज्याने ती ओसरी कटरने कापून सरळ केली होती, तोच मी, खुर्चीतून ताडकन उठलो. टाळ्या वाजवताना कोणतं बटण दाबलं गेलं होतं देव जाणे. माझा आवाज सगळ्या मीटिंगमध्ये घुमला, आणि तोही मराठीत: "अहो, ती वाकडीच आहे! रावेन्नात! खरी!"

मेफ्राऊ हुक्स्त्रा कानाला हात लावून म्हणाल्या, "हे कोण?"

"माझे बाबा," गुंजन म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण ती हसत होती. "ते वरच्या सज्जात आहेत. सज्जा पूर्वी बायकांचा होता. सध्या आजारी लोकांचा आहे." मग तिने माझं वाक्य डचमध्ये सांगितलं, आणि वाकड्या ओसरीचं संपूर्ण प्रकरण, रस्त्याच्या आणि बिनरस्त्याच्या दोन्ही मतांसकट, त्या शिक्षकांच्या पदरात घातलं. त्यांनी आठी काढून ठेवली.

तिला दहापैकी साडेसात गुण मिळाले. माझ्या हिशेबाने फार कमी. सुनीतीच्या मते, एवढ्या अडथळ्यांतून गेलेल्या मुलीला ठीक. "अडथळ्यांतून" म्हणताना तिने माझ्याकडे बघितलंच.

वसंतात शाळेने विचारलं, मॉडेल वाचनालयात ठेवू का. ते आमच्या गाडीच्या दारातून आत जाईना. मी दार काढून बघतो म्हणालो, ते दोघींनी ऐकून घेतलं नाही. शेवटी समोरच्या घरातून त्यांची बाकफीट्स आणली. या सायकलला पुढे लाकडी खोका असतो, त्यात एरवी त्यांची जुळी मुलं बसतात. तिथे चर्च ठेवलं. गुंजन सायकल हातात धरून चालत होती, मी बाजूने घुमटाला हात लावून. वारा होता. पेनेला वाऱ्याची सवय नव्हती.

कालव्याजवळच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. आम्ही जवळ आलो तशी ती उठली आणि योग्य ते अंतर ठेवून खोक्यात डोकावली.

"सुंदर आहे हो," ती म्हणाली. "केक आहे का?"

"नाही, नाही," मी डचमध्ये म्हणालो. गुंजन थांबली. मला वाटलं, आता ही बोलेल. ती हँडलवर कोपर टेकून माझ्याकडे बघत राहिली.

म्हणून मीच बोललो. आठ बाजूंबद्दल बोललो. आठवड्याच्या बाहेरच्या आठव्या दिवसाबद्दल बोललो, जरी बहुधा मी 'आठवडा' च्या जागी 'आठवा महिना' म्हणालो. मातीच्या नळ्यांना माझ्याकडे शब्द नव्हता, म्हणून मी 'मॅकरोनी' म्हणालो, आणि रावेन्नातला खरा घुमटही मॅकरोनीचा आहे अशी त्या बाईची पक्की समजूत झाली. व्याकरणाचं तर मी काही उरूच दिलं नाही. बाई मान हलवत होती. सोनं कसं हलतं ते दाखवायला मी वाकून भिंत उघडली, आणि नेमका तेव्हा ढगाआडून ऊन आलं.

"ओ," ती म्हणाली. खोल, लांब.

तिने मग ओसरीकडे बोट दाखवलं आणि विचारलं की ते तिरकं का. मी गुंजनकडे पाहिलं.

"नक्की कोणालाच माहीत नाही," मी म्हणालो.

एवढं वाक्य मात्र मला डचमध्ये बिनचूक आलं. बाईने पुन्हा एकदा आत बघितलं, आम्हाला शुभेच्छा दिल्या आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. गुंजनने सायकल पुढे ढकलली.